दूधवाल्याची गाडी

गाडीचं दार उघडलं आणि तो दोन पावलं मागे सरला. नाकाला रुमाल लावेपर्यंत वास घशात उतरला होता.

"दूध," तो म्हणाला. "सांडलेलं, आंबलेलं, उन्हात शिजलेलं दूध. शी."

जुन्या गाड्या विकणारा दलाल मान हलवत म्हणाला, "नाक चांगलं आहे तुमचं."

चांगलं म्हणजे काय, त्या नाकाचा घरात दरारा होता. भाजी टाकायची की ठेवायची, हे आई त्याच्या नाकाखाली भांडं धरून ठरवायची. नातेवाईक त्याला नाकेश्वर म्हणत आणि त्याला त्याचा अभिमानच वाटे. चामड्याच्या कारखान्यातली पहिली नोकरी त्याने वासापायी सोडली. दुसरी कागदाच्या गोदामातली. ती त्याला आवडायची, पण मागच्या वर्षी नदी शहरात शिरली आणि गोदाम मालासकट गेलं. त्या चिखलाचा वास आपण शंभर वासांत ओळखू, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

तेव्हापासून तो थोरल्या बहिणीच्या पगारावर जेवत होता. आता औषधं विकण्याचं काम मिळालं होतं, सोमवारपासून. अट एकच, गाडी स्वतःची हवी. गाडी नाही तर नोकरी नाही. पैसेही ताईनेच साठवलेले. ती रुग्णालयातली रात्रपाळी संपवून, न झोपता, तशीच आली होती.

"किती चाललीये?" ताईने विचारलं.

"दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर. लोक मीटर मागे फिरवतात, मी आहे ते दाखवतो. दूधवाल्याची गाडी, रोज गावोगाव हिंडायची. एकदा आत कॅन लवंडला आणि त्या आळशाने कधी धुतली नाही. म्हणून तर स्वस्त."

"बघ," तो ताईला म्हणाला. "त्यांनी तोंड उघडायच्या आधी मी सांगितलं."

ताई सरळ आत जाऊन बसली. वॉर्डात ती याहून वाईट गोष्टी उपसायची. तो मात्र बाहेरूनच, रुमालाआडून एकेक दाखवत राहिला. सीटवर पिवळ्या कडेचा डाग. पायपुसणीवर दह्यासारखं काहीतरी घट्ट झालेलं. काचेच्या फटीत मेलेल्या माश्या, आणि एक अजून अर्धवट जिवंत. तो बाजूला जाऊन थुंकला.

"अशा माणसाच्या हातचं दूध लोक लहान मुलांना पाजत होते," तो म्हणाला. "किळस येते मला माणसांची."

"तू नाकाने कांदे सोलत बस," ताई म्हणाली आणि तिने सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. आतला भाग तपकिरी होता. तिच्या बोटांना मऊ, पिठासारखी माती लागली. "ही कुठली रे?"

"गावोगावची धूळ. हात लावू नकोस, जंतू असतील."

"शेजारच्या काकांनी सांगितलं होतं, सीटखालचे स्क्रू गंजलेत का बघा म्हणून." ती वाकायला लागली.

त्याने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. "त्या घाणीत तू डोकं घालणार? रात्रभर लोकांची घाण काढलीस ती पुरे. मला ते बघवणार नाही, ताई."

तो असं क्वचितच बोलायचा. ताईला बरं वाटलं. शिवाय डोळे मिटत होते. तिने हात पुसले आणि काकांचा सल्ला तिथेच राहिला.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ताईने आवारात दोन फेऱ्या मारल्या. तो शेजारी बसला खरा, पण मान खिडकीबाहेर काढून.

व्यवहारासाठी ते दलालाच्या खोलीपाशी आले. दाराशी, भर उन्हात, दुधाच्या पिशव्यांचा ढीग पडला होता. फुगून त्यांचे फुगे झाले होते.

"चहा बराच होतो वाटतं इथे," ताई म्हणाली.

"मी चहा घेत नाही. पित्त होतं."

"मग एवढं दूध?"

"मांजरं येतात."

"निदान सावलीत तरी ठेवा," तो रुमालातून म्हणाला. "या माणसाला दुधाची काही चाड नाही. चल ताई, आटपू."

किमतीवर तो एकटाच बोलला. डाग, माश्या, दही, सगळं पुन्हा उगाळलं. या वासाचे पैसे कापा, नाहीतर गाडी तुम्हालाच लखलाभ, म्हणाला. दलाल कुरकुरला, कपाळाला हात लावून बसला आणि शेवटी चांगलाच खाली आला. ताईने डोळे विस्फारून भावाकडे पाहिलं. आजवर त्या नाकाने नुसतं घालवलं होतं.

"वास काय, धुतला की जातो," तो गाडीत बसताना तिला म्हणाला. "लिंबू आणि सोडा. दोन दिवसांत खाली स्वच्छ गाडी निघते की नाही बघ. सोमवारी कामावर तुझा भाऊ ऐटीत जाणार."

ताई हसली. सगळ्या काचा खाली करून तिने गाडी फाटकाबाहेर काढली. दलालाने हात हलवला.

मग त्याने फाटक लावलं, फुगलेल्या दोन पिशव्या उचलल्या आणि तो मागच्या शेडकडे गेला. तिथे आणखी गाड्या दारं उघडी टाकून वाळत ठेवल्या होत्या. पहिल्या गाडीत डोकं घालून त्याने वास घेतला. नदीचा चिखल अजून येत होता. त्याने तोंड वाकडं केलं, श्वास रोखला, पिशवीचा कोपरा दातांनी फाडला आणि सीटवर दूध ओतायला लागला.