एका खड्ड्यात दोन

“दोघींत एक खड्डा,” सरांनी सांगितलं आणि पाहता पाहता एनएसएसच्या सगळ्या मुली जोड्या जोड्यांनी कॉलेजमागच्या टेकाडावर पांगल्या. अनिता करंजाचं रोप हातात धरून होती तिथंच उभी राहिली.

तिला याचीच धास्ती होती. शहापूरच्या या कॉलेजात येऊन महिना होत आला, तरी तिच्या बाकावर तिची पिशवी सोडली तर शेजारी कुणी बसलं नव्हतं. झाडं लावायला तिनं नाव दिलं ते काही झाडांच्या ओढीनं नव्हे. झाडं तिच्या गावात हवी तेवढी होती. चार जणींत राहिलं की एखादी तरी बोलेल, एवढाच तिचा मतलब. त्यापायी ऐन लावणीच्या दिवसांत रविवारची ती घरातून निघाली होती. आई रागावली नाही. “थोरली चिमी सासरी गेली, तू कालेजात. लावीन मी एकलीच,” एवढंच म्हणाली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

“तुझ्याबरोबर कुणी नाहीये का?”

तिच्याच वर्गातली, वाशिंदची कुणाली. तिची लोकल चुकली होती आणि ती येईपर्यंत तिच्या घोळक्यातल्या सगळ्यांच्या जोड्या लागून गेल्या होत्या.

“नाय,” अनिता म्हणाली. इतक्या आनंदानं नाय म्हणणारी त्या टेकाडावर दुसरी कुणी नसेल.

कुणालीचं तोंड गप्प म्हणून बसत नव्हतं. लोकलचा पास, नवी चप्पल, इंग्रजीच्या मॅडमची नक्कल, सगळं तिनं सांगून टाकलं. अनिता माती लोटत ऐकत राहिली. मग कुणालीनं विचारलं, “तू घरी काय करतेस गं?” आणि अनिता गडबडलीच. हे तिला इथं कुणी विचारलंच नव्हतं.

“सध्या लावणी चाललीय भाताची,” ती म्हणाली. “आमी एक काडी कधी नाय लावत. दोन-तीन काड्या एकत्र धरून चिखलात खोचायच्या. एकली काडी पान्यात तगत नाय.”

“मस्त. मग आपणही तसंच करू. एक तुझं, एक माझं.”

कुणाली धावत जाऊन दुसरं रोप घेऊन आली. दोघींनी मिळून दोन्ही रोपं त्या एकाच खड्ड्यात लावली, माती दाबली. दोन्ही शेंडे एकमेकांना टेकून उभे राहिले. अनिताला इतकं बरं वाटलं, की कुणी म्हटलं असतं तर तिनं अख्खं टेकाड त्याच दिवशी लावून टाकलं असतं.

सर कॅमेरा गळ्यात अडकवून फिरत फिरत त्यांच्यापाशी आले आणि थांबले. “एका खड्ड्यात दोन? हे कुणाचं डोकं?”

“ही म्हणाली सर,” कुणालीनं बोट दाखवलं. “यांच्याकडे असंच लावतात म्हणे. मला काय माहीत?”

त्यात खोटं काहीच नव्हतं. आजूबाजूच्या मुली जमल्या. “अगं, भात लावलाय हिनं,” कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. कुणालीही हसली, आणि अनिताला तेवढंच हसणं वेगळं ऐकू आलं.

सर हसले नाहीत. माणूस चांगला होता. “हे बघ,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “भात दिवाळीपर्यंत आपण कापून घेतो. हे झाड आहे. पुढं पन्नास वर्षं उभं राहणार. झाडाला एकट्यानंच वाढावं लागतं. काढ त्यातलं एक.”

अनितानं स्वतःचं काढलं. कुणालीच्या रोपाभोवतीची माती पुन्हा दाबून सारखी केली. ती उठून उभी राहिली तेव्हा कुणाली फोटोसाठी आपल्या घोळक्यात जाऊन पोचली होती. अनिताला कुणी बोलावलं नाही आणि तीही गेली नाही. एकही खड्डा रिकामा उरला नव्हता, म्हणून रोप काळ्या पिशवीत घालून तिनं सोबत घेतलं.

एसटीतून उतरून ती घरी न जाता थेट शेतावर गेली. आई एकटीच चिखलात वाकलेली होती, डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेऊन.

“होती का गो कोन जोडीला?” आईनं न वळता विचारलं.

“होती एक.”

अनिता बांधावर बसून हातानंच माती उकरू लागली, तसं आईनं मान वर केली. “हितं नको लावू झाड. भाताला सावली पडल.”

अनितानं रोप बांधावरच ठेवलं, कपडे वर खोचले आणि भाताच्या रोपांची एक मूठ घेऊन ती आईशेजारी उभी राहिली. दोघी वाकून लावत लावत मागं सरकू लागल्या. सवयीचं काम, हात आपले आपण चालतात.

बऱ्याच वेळानं आईनं कंबर सरळ केली आणि समोर नजर टाकली. तिच्या बाजूचा भात दाट उभा होता. अनिताच्या बाजूला नुसतं पाणीच दिसत होतं आणि त्यात लांब लांब उभी एकेक काडी, तीही कललेली.

“एकेक काय लावलीस गो? हे कुनी शिकवलं तुला?”

अनितानं पाहिलं. तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. दुसरी मूठ उचलून ती चिखल तुडवत पार बांधाजवळच्या पहिल्या काडीपाशी गेली आणि वाकून तिला लागूनच दुसरी काडी खोचली.