परिणामाचा रकाना

त्या गुरुवारी बाकीच्या तेरा विहिरींचं पाणी अर्धा-अर्धा फूट उतरलं होतं. गिरधर आबाच्या विहिरीचं एकदम अडीच फूट.

नूतनने पुन्हा मोजलं. टेपचं वजन बांधलेलं टोक विहिरीत सोडायचं, ते पाण्याला टेकलं की कठड्याच्या वरच्या कडेशी आलेला आकडा वाचायचा. जळगावच्या कॉलेजने तिला पाणलोटाच्या संस्थेत तीन महिन्यांसाठी इंटर्न म्हणून पाठवलं होतं, आणि एवढं काम तिला नीट येत होतं. आकडा तोच आला. तिने कठड्यावर वही ठेवून तो लिहिला.

"नीट दखं ना ताई?" आबाने विचारलं. तो केव्हाचा मागे उभा होता.

"पाहिलं."

"मंग?"

"मग काही नाही."

आबाचा चेहरा उतरला. नूतनने तेही लिहून ठेवलं.

गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. नाल्यावरच्या बंधाऱ्याचं पाणी झिरपून या चौदा विहिरींत यायचं, म्हणून पाणी समितीने नियम केला होता. पाऊस येईपर्यंत प्रत्येकाने दिवसाआड दोन तास मोटर चालवायची. जास्त चालवली तर स्टार्टरच्या पेटीला वीस दिवस कुलूप. नियम सर्वानुमते झाला होता, म्हणजे तो कोणाला लागेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

सोमवारी संस्थेचे हेमराज सर आले आणि तिचा अहवाल उघडून बसले. 'कार्यक्रम' हा रकाना भरलेला होता: शोषखड्डे, ठिबक, विहिरींचे कठडे, माती परीक्षण. यातलं तिसरं भाषण तिने जरा जीव तोडून केलं होतं, कारण पहिल्याच आठवड्यात आबाच्या विहिरीवर वाकताना तिची चप्पल पाण्यात गेली होती. 'उपस्थिती'त तिने बावीस लिहिले होते. त्यातले निम्मे शाळेच्या ओट्यावर सावलीला आले होते. 'परिणाम' कोरा होता.

"हा रिकामा ठेवून चालत नाही," सर म्हणाले. "वरून विचारतात."

"सर, कोणी ऐकतच नाही."

"मग तसं लिहा. पण परिणाम म्हणून लिहा."

नूतनने वही पुढे केली आणि अडीच फुटांचा आकडा दाखवला. सरांनी चष्मा लावला.

पुढच्या दोन गुरुवारी आबाचं पाणी इतरांइतकंच, अर्धा-अर्धा फूट उतरलं. मधला दोन फुटांचा फरक मात्र हलला नाही.

"सावध झाला," सर फोनवर म्हणाले. "नजर ठेवा."

नूतनने नजर ठेवली. ती टेप सोडायची तेव्हा आबा दर वेळी विहिरीजवळ घुटमळायचा, काहीतरी सांगायचं असल्यासारखा. खळ्यात त्याची बायको कुंदाबाई सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर मिरच्या वाळवत होती.

"सिमेंट कशाला लागलं, अक्का?"

कुंदाबाई पदराआड हसली. "तुमले दखाईच जाई. मी सांगू नही, असं यास्नं म्हननं शे."

जमिनीखालून पाइप, नूतनने लिहिलं, वर सिमेंट. आणि खाली रेघ ओढली.

समितीची बैठक मारुतीच्या पारावर भरली. अध्यक्ष अभिमन नानांनी आकडे मोठ्याने वाचले. शेवटचा आकडा त्यांनी दोनदा वाचला.

"गिरधर, तुन्हीच केळी इतकी हिरवीगार कशी रे?" मागून कोणीतरी म्हणालं. "आमनी काय लगीनमा गयी व्हती?"

लोक हसले. आबा हसला नाही. ऐन मे महिना, आणि त्याच्या दीड हजार खोडांवरचे घड भरत आले होते.

"मी मोटर नही चलाडी."

"मंग ताईना टेप खोटा शे?"

आबाने नूतनकडे पाहिलं. "टेप कसा खोटा बोली?" तो म्हणाला. मग त्याने हळूच आपल्या धाकट्या भावाकडे, रुपचंदकडे पाहिलं. विहीर दोघांची सामाईक होती, आणि स्टार्टरच्या पेटीची दुसरी किल्ली रुपचंदकडे असायची.

रुपचंद उठून निघून गेला. जाताना चप्पल घालायलाही थांबला नाही. नूतनला ते पुरेसं बोलकं वाटलं.

त्याच संध्याकाळी पेटीला कुलूप लागलं. तिने 'परिणाम' या रकान्यात लिहिलं: पाण्याची चोरी उघड, समितीची ठाम कारवाई. सरांनी त्यावर हिरव्या शाईने 'उत्कृष्ट' असा शेरा मारला.

शेवटच्या गुरुवारी ती आबाच्या विहिरीवर गेली, तेव्हा कुलूप निघून दोन दिवस झाले होते. बाग मात्र आडवी होती. पानं फाटून लोंबत होती, घड उन्हाने काळे पडले होते. विहिरीच्या पलीकडे, दोन भावांच्या वाट्यांमध्ये काटेरी तारेचं नवं कुंपण आलं होतं.

तिने टेप सोडली, आकडा लिहिला.

"मी उद्या जाते आबा. राग नाही ना?"

"राग कसाना? तुम्ही तुमनं काम करं." आबा कठड्याला टेकून उभा राहिला. "रुपचंदसंगे मात्र मी आते जलमभर नही बोलाव."

मग तो तळहाताने कठडा थोपटत, जरा लाजत म्हणाला,

"ताई, एक इचारू? तुम्ही तठे शाळामा सांगं, कठडा उंच करा, कोनी पडी जाई. बठ्ठा गावमा मी एकलानीच आयकं. त्याच हप्तामा चढाई दिधा, चांगला दोन फूट. तुमन्या वहीमा ते लिखं का नही?"