इहिणीचं लुगडं

अमडापूरच्या बाजारात मोतीराम सुताराला चौथ्या दुकानातही नाही म्हटलं, आणि तेही चहा पाजून. चहा पाजून नाही म्हटलं की माणसाला धड भांडताही येत नाही.

"तुमी इमानदार मानूस, हे मले ठाव हाये मोतीरामबुवा," दुकानदार गादीवरून म्हणाला. "पन तुमचे इवाई भगवानराव याच लायनीत कापडाचं दुकान घालून बसले. घरचं दुकान सोडून तुमी माह्याकडं उधार मांगता. मंग मानसानं काय समजावं?"

काय समजावं ते त्याने सांगितलं नाही. सकाळपासून सगळा बाजार तेच समजून बसला होता. ज्याला सख्ख्या व्याह्याने उधार दिलं नाही, त्याला आपण का द्यावं?

मोतीराम आणि त्याची बायको बनाबाई पुन्हा उन्हात आली. उद्या त्यांच्या घरी बारसं होतं. लेकीचं, रुख्मिणीचं, पहिलं बाळंतपण, पहिला नातू, सासरची माणसं पाळण्याला येणार. व्याह्याला धोतर आणि विहिणीला लुगडं, एवढा आहेर तरी हवाच. तो झाला नाही तर विहीण उद्या काही बोलणार नाही, पण रुख्मिणीला जन्मभर ऐकवील. मोतीरामची मजुरी म्हणजे गावाची ज्वारी. ती खळ्यावर मिळायची, आणि कणसं अजून शेतात हिरवी उभी होती.

आता ज्याला आहेर करायचा, त्याच्याच दुकानातून तो उधार आणायचा? पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि पुरण त्याच्याच घरून मागायचं, असला प्रकार! म्हणून दोघं भगवानरावांचं दुकान चुकवत फिरत होती. समोरून जायची वेळ आली की बनाबाई पदर पुढे ओढायची आणि मोतीराम पलीकडच्या बाईला उगाच मिरच्यांचा भाव विचारायचा.

"आखीन एक दुकान हाये, वेशीपाशी," मोतीराम म्हणाला.

"चला," बनाबाई म्हणाली. तिचे पाय भरून आले होते, पण घरी रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा चालणं बरं.

वेशीपाशी मात्र मोतीराम थकून खरं बोलून गेला. "लुगडं इवायाच्याच घरी द्याचं हाये हो. मंग त्याच्यापाशीच कसं मांगू?"

दुकानदार पोट धरून हसला. "अरे बाप्पा! मंग तं बिलकुल नाही. भगवानराव कापड बोटानं चाचपलं का दुकान सांगते. उद्या मले इचारन, काऊन बे, माह्या इवायाले उधार देऊन मोठा झाला काय? मले याच बाजारात राहाचं हाये."

"सांगू नका म्हनलं होतं ना तुमाले," बाहेर आल्यावर बनाबाई म्हणाली.

"न सांगून तरी कुठी भेटलं?"

दोघं एस्टीच्या थांब्याकडे वळली. वाट भगवानरावांच्या दुकानावरूनच जात होती.

"ओ इवाई!"

भगवानराव स्वतः पायरीवर उभे होते. आता कुठे पाहणार? दोघं आत गेली. भगवानराव गादीवर बसले नाहीत, चहाही सांगितला नाही.

"सकायपासून बाजारभर फिरून राह्यले तुमी. काऊन?"

"असंच..." मोतीराम म्हणाला.

"असंच? लोक माह्या गादीवर बसून मले इचारून राह्यले, भगवानराव, इवायालेही उधार देत नाही, दुकान बसलं का तुमचं? अकोल्याचा ठोक व्यापारी आज माल टाकनार होता. तो म्हनते, पयले मागचे नगदी काढा. तुमाले कोनी उधार देल्लं नाही इवाई, आन आता मलेही कोनी देऊन नाही राह्यलं!"

मोतीरामच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. एका घराची अब्रू झाकायला निघाला आणि दोन घरांची बाजारात मांडून बसला.

भगवानरावांनी फळीवरून धोतरजोडी आणि एक लुगडं ओढून त्याच्यापुढे आपटलं. "न्या. उघडं न्या बाजारातून. सगळ्याइले दिसू द्या."

"लिहून घ्या," मोतीराम म्हणाला.

"माह्याच बायकोचं लुगडं तुमच्या नावावर लिहू?"

"लिहा. खयं झालं का देतो. आहेर आमचा हाये."

भगवानरावांचा राग बसला, तेही बसले. दिवस त्यांचाही वाईटच गेला होता. त्यांनी वही ओढली.

तेवढ्यात बनाबाई पुढे सरकली. दिवसभर कुठल्याही दुकानात तिने कापडाला हात लावला नव्हता. उधार मागणाऱ्याला कसली आली निवड! आता तिने लुगड्याची घडी उलगडली, काठ दोन बोटांत धरून पाहिला, पदर उजेडात नेला, आणि लुगडं पुन्हा नीट घडी घालून भगवानरावांपुढे ठेवलं.

"हे नाही चालत इवाई," ती पदराआडून म्हणाली. "आमच्या इहिणीले शोभत नाही. भारीतलं दाखवा."

भगवानरावांची लेखणी थांबली. त्यांनी बनाबाईकडे पाहिलं, मोतीरामकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सगळ्यात वरच्या फळीसाठी स्टूल ओढलं.