नऊ हजारांची बाटली

“मध्ये तेल बदललंत का?” प्रयोगशाळेतल्या बाईंनी फोनवर विचारलं.

शेवटच्या पेशंटला दारात सोडून ती नुकती व्हॅनमध्ये बसली होती. तेलाला हातसुद्धा लावलेला नाही, असं तिने ठासून सांगितलं. मग बाईंनी आकडे वाचून दाखवले. सात हजार किलोमीटरला पाठवलेल्या तेलाच्या बाटलीत झिजेच्या लोखंडाचं प्रमाण एकतीस होतं. नऊ हजारांच्या बाटलीत ते वाढायला हवं होतं, तर चक्क सहावर आलं होतं.

“लोखंड इंजिनातून तेलात उतरतं, ताई. तेलातून परत इंजिनात जात नाही,” बाई म्हणाल्या.

व्हॅनला दुसरी किल्ली एकच होती आणि ती वडिलांच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असे. तिने गाडी थेट तिकडे वळवली.

तिच्या व्हॅनमधून सहा जण डायलिसिसला जायचे. तिघे आज, तिघे उद्या. हॉस्पिटल पंचाहत्तर किलोमीटर लांब आणि व्हॅनला सुट्टी नाही. पण दर पाच हजार किलोमीटरला, म्हणजे महिन्याकाठी एकदा, तेल बदलायला एक दिवस गॅरेजमध्ये जायचा. वडिलांचा नियमच तसा होता. गरम इंजिनाचं तेल चार तास निथळलं पाहिजे, पाव तास कमी चालणार नाही. संध्याकाळनंतर त्यांचे डोळे साथ देत नसत आणि दुसऱ्या मेकॅनिकने या इंजिनाला हात लावायचा म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. मग त्या दिवशी तिघांची पाळी चुकायची. मागच्या खेपेला त्या तिघांतल्या एका रिटायर्ड पोस्टमनच्या छातीत पाणी झालं. दोन दिवस ते आयसीयूत होते. बरे होऊन आले तेव्हा तिलाच म्हणाले, चालायचंच, गाडी महत्त्वाची. ते तिच्या मनाला फार लागलं.

त्याच दिवशी तिने ठरवलं. तेल किती टिकतं हे आता प्रयोगशाळा सांगेल. दहा हजार टिकलं तर खाडे निम्मे होतील. वडिलांनी नाक मुरडलं. चाळीस वर्षं दोन बोटांत तेल चोळून त्यांनी गाड्यांचं भविष्य सांगितलं होतं. ‘आता बाटलीलाच विचारा,’ असं म्हणून ते गाल फुगवून बसले. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तेल मोजायच्या गेजच्या भोकातून बारीक नळी घालायची, गरम तेल ओढायचं, बाटली भरायची, किलोमीटर लिहायचे, कुरियर करायचं. पाच हजारांची बाटली पास झाली. सात हजारांचीही झाली. आणि आता हे. डिझेल गाडीचं तेल चार दिवसांत काळंकुट्ट होतं, त्यामुळे डोळ्यांना काही कळलंच नव्हतं.

गॅरेजमध्ये वडील पाने-पकडी पुसून ठेवत होते. तिने विचारल्यावर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. पंधरवड्यापूर्वी पहिल्या बसने ते हॉस्पिटलला गेले होते, एका हातात तेलाचा कॅन, दुसऱ्या हातात तसराळं. पार्किंगमध्ये व्हॅनखाली शिरून त्यांनी तेल बदललं आणि दुपारच्या बसने परत आले. त्या जुन्या तेलावर सहा माणसं फिरताहेत, या विचाराने त्यांचा घास घशाखाली उतरत नव्हता.

ती संतापली. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती. पोस्टमनना काय सांगायचं, हे तिने त्यांनाच विचारलं.

“इंजिन वाटेत बसलं असतं तर काय सांगितलं असतंस?” वडील म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते मागे हटणार नव्हते. हटायचं नाही हे ती त्यांच्याकडूनच शिकली होती.

तिच्या जिभेवर आणखी बरंच काही होतं. पण त्यांचा निथळण्याचा नियम तिला मध्येच आठवला.

“बाबा, चार तास निथळू दिलंत?”

हा प्रश्न मात्र त्यांना झोंबला. “म्हणजे काय? तू पेशंटना वर मशीनवर घेऊन गेलीस आणि मी बूच काढलं. तू त्यांना घेऊन खाली यायच्या आत नवं तेल भरून मोकळा झालो.”

ती तिथल्या जुन्या टायरवर बसली. मशीनवर माणसाला चार तास लागतात. गेली दोन वर्षं, रोज, ती वरच्या बाकावर पेंगत असे आणि व्हॅन खाली रिकामी उभी असे.

वडील बोलणी खायच्या तयारीने उभे होते.

“पुढच्या वेळी बसनं जायचं नाही,” ती म्हणाली. “प्रयोगशाळेनं तेल बदला म्हटलं की पहाटे पाचला कॅन घेऊन माझ्या शेजारी बसायचं.”