उंबरठ्याकडे नेलेला केर

नर्सने डोक्यावरची टोपी उतरवली, तरी ग्रासियाना वेगासच्या डोळ्यांतला निळसर उजेड ओसरेना. रक्ताच्या एका थेंबावरून ही टोपी पूर्वजांच्या आठवणी झोपेत दाखवायची. स्पेनहून आलेला घराण्याचा मूळपुरुष, कप्तान वेगास, एकदा बघून ये, म्हणून मायनेच तिला पाठवलं होतं.

ती तरंगतच कोर्लईला घरी आली. माय दारापासून आतल्या बाजूला केर काढत होती. वेगासांच्या घरात तसाच काढतात. लहानपणी एकदा उंबरठ्याकडे केर लोटला म्हणून ग्रासियानाने मायच्या हातची थोबाडीत खाल्ली होती. असं का, ते मायलाही ठाऊक नव्हतं.

"दिसला का कप्तान? घोड्यावर होता?"

"दिसला. सहा-सात वर्षांचा होता, माय. हातातला झाडू त्याच्याहून उंच. बाहेर संध्याकाळ निळी होत होती आणि त्याची आई दाराच्या चौकटीवरची देवाच्या नावाची डबी काढून पिठात लपवत होती. वरवर ख्रिस्ती, पण घरात यहुदी होते ते. तेव्हाच्या स्पेनमध्ये कुणाला कळलं असतं तर जिवंत जाळलं असतं."

मायच्या हातातली केरसुणी थांबली.

"तो केर दाराकडे नेत होता. आईने फाडकन मुस्काटात दिली. म्हणाली, डबी काढली तरी देव तिथेच आहे, त्याच्या अंगावर धूळ नेऊ नकोस."

मायने रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. मग तिची नजर ग्रासियानाच्या गालावर येऊन थांबली.

"फार लागलं का गं त्याला?" तिने विचारलं.