आतला हशा

आतून हशा ऐकू आला तसा वीरण्णा बाकावरून ताडकन उठला.

बंद दाराआड त्याची लेक जगदेवी एकटी होती आणि तिच्यासमोर तीन साहेब. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. कलेक्टर कचेरी भाड्याच्या इमारतीत भरत होती, भिंतींना अजून चुन्याचा वास होता. टेलिफोन ऑपरेटरची एकच जागा होती आणि मुलाखत इंग्रजीत. बाकीच्या पोरी आत जाऊन आल्या होत्या. जगदेवी शेवटची.

"तुमच्या पोरीला हसायलेत का काय?" शेजारच्या शेषेरावांनी विचारलं. ते मुदखेडहून सुनेला मुलाखतीला घेऊन आले होते.

वीरण्णाचा कान दाराकडंच होता. चाकूरला त्याचं भांड्यांचं दुकान होतं, पण तालुका त्याला ओळखायचा तो जत्रेतल्या नाटकातला जोकर म्हणून. टिचकी मारली की भांडं पक्कं का फुटकं ते कळतं, तसा त्याला हशा कळायचा. माणूस ठरवून पडला की लोक पोटातून हसतात, खरंच घसरला की नाकातून. आतले साहेब नाकातून हसत होते.

आता जगूची वाचा बसणार, त्याला वाटलं. शाळेत एकदा इंग्रजी वाचताना मास्तर हसले, तर पुढं कितीतरी दिवस पोरगी वर्गात तोंड उघडत नव्हती.

पाऊस यंदाही फिरकला नव्हता. दुकानात कुणी आलंच तर ते भांडी मोडीत घालायला. मग दुपारभर बापलेक गल्ल्यापाशी इंग्रजी बोलत बसायचे. पुस्तकात स्टेशनवरचं संभाषण होतं, हॉटेलातलं होतं, पण ते जगदेवीच्या तोंडात राहत नव्हतं. शेवटी तिनं पुस्तक मिटलं आणि बापाच्या नाटकावरच बोलायला घेतलं.

"व्हॉट हॅपन्ड?" वीरण्णा विचारायचा. सातवी झालेला माणूस. प्रश्न तेवढे त्यानं पाठ केले होते.

"माय फादर फेल डाउन."

"व्हाय?"

"ही सॅट ऑन द चेअर. देअर वॉज नो चेअर."

"देन?"

"एव्हरीबडी लाफ्ड."

तेवढ्यावर तिनं घाईघाईनं पुढचं वाक्य घेतलं की तो तिला थांबवायचा. "लोक हसायलेत तवर बोलू न्हाई, माय. त्यांचं होऊ दे. मग बोल."

आत आता काहीच ऐकू येत नव्हतं. वीरण्णा दाराशी सरकला.

"बसा हो मालक," शिपाई म्हणाला.

तेवढ्यात जगदेवीचा आवाज आला. सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखा. शब्द कळले नाहीत. मग आतून असा हशा उसळला की खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला, कुणीतरी टेबलावर थाप मारली, कुणाला ठसका लागला.

वीरण्णा दारापासून मागं आला आणि बाकावर बसला.

"पुन्हा हसले की हो," शेषेराव म्हणाले.

"हाव. पण ह्यो हशा तिनं काढलेला हाय."

दार उघडलं. जगदेवी बाहेर आली ती लाल चेहऱ्यानं, पदरानं कपाळ टिपत.

"काय इचारलं गं?"

"वडील काय करतात म्हणून. मी म्हणलं, माय फादर इज अ जोकर."

"आगं, भांड्यांचं दुकान हाय म्हणून सांगायचं की!"

"दुकान ध्यानातच आलं न्हाई, अप्पा. तुमी स्टेजवर उभारलेलेच दिसलाव."

वीरण्णानं आधी धोतराचा सोगा नीट केला.

"आन् दुसऱ्यांदा कशाला हसले?"

"त्यांचं हसून होऊ दिलं. मग म्हणलं, ओन्ली ऑन द स्टेज, सर. ॲट होम, इट इज माय टर्न."

"म्हंजी?"

"म्हंजी स्टेजवर तुमी. घरी माझा नंबर."

वीरण्णानं टोपी काढली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

बराच वेळ गेला. मग आतून कारकून आला आणि त्यानं जगदेवीचं नाव पुकारलं. "सोमवारी मूळ सर्टिफिकिटं घेऊन या. कामावर त्याच दिवशी."

व्हरांड्यात कुजबुज झाली. शेषेरावांच्या सुनेनं पुढं होऊन जगदेवीचा हात धरला. "लई भ्या वाटत होतं मला आत," ती म्हणाली, "तुमी कसं बोललाव?" जगदेवीनं बापाकडं बघितलं.

कारकुनामागून मोठे साहेब बाहेर आले. दक्षिणेकडचे होते, मराठी येत नव्हतं. जगदेवीशेजारचा धोतर-टोपीतला, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला माणूस त्यांनी नीट न्याहाळला.

"सो, यू आर द जोकर?"

सगळ्या माना वीरण्णाकडं वळल्या. बायाबापड्या, शिपाई, शेषेराव. एवढी माणसं समोर दिसली की जत्रेत त्याचे खांदे आपोआप वाकडे व्हायचे, एक पाय लंगडायला लागायचा. आज तो सरळ उभा राहिला.

"येस, सर," तो म्हणाला. मग लेकीकडं हात करून, "टुडे, फादर."