दुसऱ्या देवळातली हाक

"तिसऱ्या देवळापर्यंत तोंड बंद ठेवून दाखव," मित्रांसोबत गावाबाहेरची जुनी देवळं बघायला निघालेल्या वायरमनने शेजारच्या बडबड्या शिंप्याला डिवचलं. "हरलास तर सगळ्यांसमोर दहा उठाबशा!"

पहिलं पुरातन देऊळ शिंप्याने कसंबसं गप्प राहून काढलं. दुसऱ्याच्या काळोख्या गाभाऱ्यातून कुणीतरी त्याला लाडाच्या नावाने हाक मारली, आणि सवयीने तो "ओ!" देऊन बसला.

"हरलास रे!" बाहेरून मित्र ओरडले.

"लबाडांनो, आतून हाक कोण मारतंय?"

"आम्ही सगळे इथेच आहोत की! कसली हाक?"

गाभारा रिकामाच होता.

मग अंगणात, चारचौघांत, शिंपी कान धरून उठाबशा काढू लागला. मित्र खिदळत मोजत होते. दहा झाल्या. त्याने हुश्श करून कान सोडले.

"अकरा," गाभाऱ्यातून आवाज आला.

सगळ्यांचं हसू थांबलं. शिंप्याचे गुडघे आपोआप वाकले.